तळाचा चतकोर

४ जानेवारी, रविवार

ग्लेनिसने नाताळात ही वही दिली. "जे कोणाशी बोलत नाहीस ते इथे लिही," म्हणाली. मी म्हटलं, मी आठवड्यातून दोनदा पेपरातून अख्ख्या मिल्ड्युरा गावाशी बोलतो, आणखी काय बोलायचं? ती म्हणाली, "तेच तर," आणि उठून भांड्यांकडे गेली. बायको असं अर्धवट बोलून उठली की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय आणि काय ते आपणच शोधायचंय. मी त्या भानगडीत पडत नाही. पण वही चांगल्या कागदाची आहे, वाया कशाला घालवा.

आज त्रेचाळीस अंश. नदी इतकी आटलीय की धक्क्याखालचा चिखल तडकलाय. शेजारच्या सॅमने अर्धी द्राक्षबाग उपटली. वेलींचा ढीग कुंपणापाशी पडून आहे, आगीच्या बंदीमुळे त्याला तो जाळताही येत नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. त्यात आपली टेनिस स्पर्धा, मेलबर्नच्या मोठ्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यातली. निळ्या हार्ड कोर्टवर भर दुपारी अंडं फुटलं तर तिथेच भाजून निघेल.

जॅरड संध्याकाळी आला. एकुलता एक मुलगा, एकोणतीस पूर्ण, जागतिक क्रमवारीत चारशे बारावा. गाडी इतकी धुळकटलेली की रंग ओळखू येईना. स्पर्धेला येणाऱ्या खेळाडूंना हॉटेल परवडत नाही, म्हणून गावातली घरं त्यांना ठेवून घेतात. आमच्याकडे पाच वर्षं अर्जेंटिनाचा फाकुंदो रिवास उतरतो. यंदा त्याला दुसरं मानांकन आहे. त्यामुळे जॅरडची जुनी खोली त्याच्याकडे, कारण तिथेच तेवढा एसी आहे. मानांकित पाहुण्याला उकाड्यात झोपवणार का? जॅरडने बॅग मागच्या व्हरांड्यात नेली.

चॉप्स खाताना तो म्हणाला, "डॅड, ही शेवटची."

"गेल्या वर्षीही म्हणाला होतास."

"गेल्या वर्षी खाणीतल्या डॅमियनचा फोन आला नव्हता. कॅलगूर्लीला खाणीत ट्रक चालवायचा. गुरुवारी, पंधरा तारखेला हजर व्हायचं. मुख्य फेरीत पोचलो तर त्याला नाही म्हणतो आणि आणखी एक वर्ष खेळतो. नाही पोचलो तर संपलं."

"ट्रकला एसी असतो," मी म्हटलं.

तो हसला. ग्लेनिस हसली नाही. तिला विनोद कळत नाही असं नाही, माझे कळत नाहीत.

६ जानेवारी, मंगळवार

सकाळी क्लबवर जाऊन सराव पाहिला. गेली बावीस वर्षं मी आमच्या पेपरात या स्पर्धेच्या ड्रॉचं, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या तक्त्याचं, भाकीत लिहितो. बत्तीस नावं, आठ-आठचे चार भाग. मी त्यांना चतकोर म्हणतो. प्रत्येक चतकोरातून कोण वर येईल ते सांगायचं. बहुतेक वेळा बरोबर ठरतं. शाळेत गणित शिकवत होतो, भावनेच्या भरात बेरीज बदलत नाही हे ठाऊक आहे. म्हणून लोक विश्वास ठेवतात. पबमध्ये पैजा लावतात त्या माझं कात्रण समोर ठेवून.

जॅरडबद्दल मी आजवर भाकीत केलेलं नाही. तो खेळायला लागल्यापासून नियमच केला, की बापाने मुलाचं भविष्य सांगायचं नाही. फक्त नाव आणि क्रमांक. लोकांना याचं कौतुक आहे.

तो एकटाच सर्व्हिसचा सराव करत होता. खांदा दुखतो त्याचा, पण लपवतो. बॅकहँड मात्र अजून लोण्यासारखा आहे. मी धावफलकाच्या शेडमागे उभा राहून बघतो, समोर बसलो की तो बिघडतो. किंवा मी बिघडतो. तो बारा वर्षांचा असताना मी पहिल्या रांगेत बसायचो, मुठी आवळून. घरी आलो की माझेच हात दुखायचे. आशा करणं फार थकवणारं काम आहे. पन्नाशीनंतर माणसाने तरी ते सोडून द्यावं.

पाणी प्यायला आला तेव्हा मी शेडमागे आहे हे त्याला माहीतच होतं.

"डॅड, यंदा तरी लिही माझ्याबद्दल. 'जॅरड जिंकेल' म्हणून. खोटं का होईना."

"खोटं लिहिलं तर उद्या खरं कोण वाचेल?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. टोपी भिजवून डोक्यावर घातली आणि परत गेला.

८ जानेवारी, गुरुवार

कॉन मिहालोस घरी येऊन गेला. स्पर्धा तोच भरवतो; बाकी वर्षभर टायर विकतो. बिअर उघडून म्हणाला, "नेव्ह, म्हाताऱ्या, एक वाइल्ड कार्ड शिल्लक आहे. क्रमवारी बघायची नाही, पात्रता फेरी नाही, थेट मुख्य फेरी. जॅरडला देऊन टाकू?"

मी म्हटलं, "माझा मुलगा म्हणून?"

"गावचा मुलगा म्हणून. या कोर्टांवर त्याने जेवढा घाम गाळलाय तेवढं पाणी आता नदीत नाही."

"लोक म्हणतील, नेव्ह पेपरात लिहितो म्हणून कार्ड मिळालं. त्याला स्वतःच्या पायांनी आत जाऊ दे."

कॉनने बिअर खाली ठेवली. मग म्हणाला, "तुझा मुलगा, तुझी मर्जी. मग वेन लिंडक्विस्टला देतो." वेन पस्तिशीचा, दुहेरीचा खेळाडू, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. एकेरी सामना शेवटचा कधी जिंकला ते त्यालाही आठवणार नाही. पण मेलबर्नच्या मंडळींत ओळखी आहेत, दोन पाहुणे घेऊन येईल.

जॅरडला सांगितलं नाही. मी नाही म्हटलं याचा त्याला अभिमान वाटला असता, पण खेळाच्या आधी डोक्यात नसते विचार नकोत.

१० जानेवारी, शनिवार

ड्रॉ काढला. दरवर्षीप्रमाणे बोल्स क्लबच्या हॉलमध्ये, ग्लेनिसच्या बिस्किटांच्या डब्यातून. डब्यात आकडे टाकलेल्या चकत्या असतात. आधी मानांकितांच्या जागा ठरवतात, पहिला सगळ्यात वर, दुसरा सगळ्यात खाली. मग एकेक चकती. पात्रता फेरीतून येणाऱ्यांच्या जागा मोकळ्या ठेवतात. यंदा चकत्या काढायला महापौरबाई होत्या. दोनदा चकती खाली पाडली.

वरचा चतकोर कठीण आहे. पहिला मानांकित जर्मन, त्याच्या समोर जोरदार सर्व्हिसवाला क्रोएशियन. तिथे रक्त सांडणार. दुसरा आणि तिसरा चतकोर बरे, सगळे उन्हाला वैतागलेले युरोपियन. तळाचा चतकोर मात्र इतका रिकामा मी कधी पाहिला नाही. सगळ्यात खाली रिवास, आणि त्याच्यासमोर पहिल्या फेरीत कोण, तर वेन लिंडक्विस्ट. हॉलमध्ये हशा पिकला. वेन स्वतःही हसला, गुडघा चोळत. रिवास त्यातून डुलक्या काढत वर येईल.

दुपारी जॅरडने पात्रता फेरीचा पहिला सामना जिंकला. मी शेडमागे होतो. टायब्रेकमध्ये एकदा सूर्य डोळ्यांत येणाऱ्या टोकाला त्याने समोरच्याला बरोबर नेऊन उभं केलं आणि उंच लॉब मारला. तो बिचारा आभाळाकडे हात धरून उभा राहिला आणि चेंडू मागे पडला. दुपार कलली की त्या टोकाला काहीच दिसत नाही, हे जॅरडला तो रॅकेटएवढा होता तेव्हापासून माहीत आहे.

मला क्षणभर बरं वाटलं. पण लगेच आवरलं.

११ जानेवारी, रविवार

हरला. शेवटच्या पात्रता सामन्यात, तिसऱ्या सेटमध्ये, ५-७. जिंकला असता तर मुख्य फेरीत होता. दोन मॅच पॉइंट हातात होते. दुसऱ्या पॉइंटवर त्याने शेडच्या दिशेला पाहिलं, मी फळीमागे सरकलो. मग त्याने डबल फॉल्ट केला.

ग्लेनिस समोर पहिल्या रांगेत बसली होती, रुमाल डोक्यावर घेऊन. सामना संपल्यावर ती कोर्टवर गेली आणि त्याच्या घामट खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी धावफलकावरचे आकडे नीट लावले, कोणीतरी ७ उलटा लावला होता.

आता एकच कवाड उघडं आहे. मुख्य फेरीतला कोणी ऐनवेळी बाहेर पडला तर त्याच्या जागी, शेवटच्या पात्रता सामन्यात हरलेल्यांपैकी क्रमवारीत जो वर असेल, तो आत जातो. त्याला 'लकी लूजर' म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला शाबासकी द्यायला हवी. यंदा त्यात पहिला नंबर जॅरडचा. अट एवढीच, की रोज सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी स्वतः येऊन सही करायची. सही नसेल तर खालचा आत.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी भाकीत लिहायला बसलो होतो. ग्लेनिस बहिणीकडे, जॅरड अंघोळीला. रिवास आला, फ्रीजमधून बर्फ काढला आणि उजवं मनगट पातेल्यात बुडवून माझ्यासमोर बसला. त्याची भाषा तोडकीमोडकी, पण समजते.

"नेव्ह, हे गेलं," तो म्हणाला. "मंगळवारी खेळणार नाही मी. सकाळी सांगणार, त्याच्या आधी नाही. मेलबर्नमध्ये जो समोर येईल त्याला कळलं, तर सगळे चेंडू इकडेच मारेल. पेपरात नको."

"माझ्या स्वयंपाकघरात ऐकलेलं बाहेर जात नाही. पाच वर्षं राहतोयस, माहीत आहे तुला."

"हो. माहीत आहे." तो बर्फ ढवळत राहिला. मग म्हणाला, "जॅरड पहिला ना? बाहेर कोणी गेलं तर?"

"हो, पहिला."

"चांगलं," तो म्हणाला. "वेन म्हातारा आहे. चांगलं." आणि माझ्या खांद्यावर ओला हात थोपटून गेला. या दक्षिण अमेरिकन लोकांना हात लावल्याशिवाय बोलता येत नाही. मुलाच्या पराभवाबद्दल सांत्वन करत असावा. सुस्वभावी माणूस आहे.

मी भाकीत पुरं केलं. तळाचा चतकोर: रिवास. दुसरं नाव लिहिलं असतं तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं आणि गुपित फुटलं असतं. शब्द म्हणजे शब्द.

जेवणानंतर व्हरांड्यात जॅरड बॅग भरत होता. ऊन उतरलं होतं, कॉरेला पक्ष्यांचा सॅमच्या उपटलेल्या वेलींवर कलकलाट चालला होता.

"डॅड, थांबू का?"

"कशासाठी?"

"मंगळवारपर्यंत. कोणी बाहेर पडलं तर पहिला मी आहे. पण थांबलो तर गुरुवारी खाणीत पोचत नाही, तीन दिवसांचा रस्ता आहे. डॅमियनने एकदाच जागा धरून ठेवलीय, पुन्हा धरणार नाही. दोन्हीकडून गेलो असं नको व्हायला." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला ड्रॉ कळतो. सांग ना. तू म्हणशील ते करतो."

मी म्हटलं, "ड्रॉकडे बघून विचारशील तर मला काही दिसत नाही. आशेवर बसू नकोस."

हे खोटं नव्हतं. ड्रॉच्या कागदावर खरंच काही दिसत नव्हतं. जे होतं ते पातेल्यात होतं.

त्याने बॅगेची चेन ओढली. "बरं झालं तू स्पष्ट सांगितलंस," म्हणाला. "दुसऱ्या कोणी नसतं सांगितलं."

१२ जानेवारी, सोमवार

पहाटे गेला. ग्लेनिसने सँडविच, फळं, पाण्याचे डबे दिले. नलारबॉरच्या ओसाड माळावर मध्ये काही मिळत नाही. तीन रॅकेट त्याने व्हरांड्यातच ठेवल्या, भिंतीला टेकवून, तोंडं भिंतीकडे. ग्लेनिस म्हणाली, "अरे, या राहिल्या." तो म्हणाला, "राहू देत, मम. खाणीत काय मारू?"

मला मिठी मारली. तो मिठी मारतो तेव्हा मला हात कुठे ठेवायचे कळत नाही. पाठीवर दोन थापा मारल्या.

रिवास उठला तेव्हा नऊ वाजले होते. व्हरांड्यात रिकामी खाट बघून विचारलं, "जॅरड क्लबवर? सही करायला?"

ग्लेनिस म्हणाली, "गेला रे तो, खाणीकडे."

रिवास माझ्याकडे बघत राहिला. टोस्टवर आमचं खारट व्हेजीमाइट लावलेलं त्याला आवडत नाही तरी खाल्लं. त्याला बहुधा मनगटाचं टेन्शन आलं असावं.

पेपरात भाकीत छापून आलं. चांगलं दिसतंय. एक शब्दही कापलेला नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी रिवासने नाव मागे घेतलं. कॉनने लाउडस्पीकरवर जॅरडचं नाव पुकारलं. दोनदा. सही नव्हती हे त्याला माहीत होतं, तरी पुकारलं. मग दुसऱ्या नंबरच्या हिराता या जपानी पोराने धावत जाऊन शर्ट बदलला.

दुपारचा सामना ६-२, ६-३. वेनला गुडघ्यांनी पहिल्या सेटमध्येच दगा दिला. तासभरही लागला नाही. हिराताने सामना संपल्यावर आभाळाकडे बघून हात जोडले आणि रडला. रडण्यासारखं काय होतं, वेनविरुद्ध तर जिंकला.

कॉन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "काल सकाळी भेटला असता तर मी त्याला म्हटलं असतं थांब म्हणून," एवढंच बोलला.

"तुला माहीत होतं का रिवासचं?"

"नाही रे. पण म्हटलं असतं."

संध्याकाळी फोन वाजला. जॅरड, वाटेतल्या पेट्रोल पंपावरून. मागे ट्रकांचा आवाज.

"डॅड! ऐकलंस? रिवास बाहेर!"

"हो."

"इथल्या काउंटरवरच्या बाईच्या रेडिओवर बातमी लागली, माझ्या हातातलं पॅटिस खालीच पडलं." हसला. मांसाचं ते पॅटिस गरम खाल्लं की हमखास जीभ भाजते त्याची. "तुझं भाकीत पडलं की रे. तळाचा चतकोर रिवास म्हणाला होतास. किती वर्षांनी चुकलास?"

"चुकतं कधीकधी."

"वाईट वाटून घेऊ नकोस." त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "खरंच सांगतो. तुला तरी कसं कळणार? मनगट काय ड्रॉमध्ये लिहिलेलं असतं? त्या वेळी जे दिसत होतं त्यावरून तू बरोबरच सांगितलंस. पबमधल्यांनी छळलं तर माझ्याकडे पाठव."

मी म्हटलं, "पाणी पीत जा."

"हो. ममला सांग, पोचलो की करतो फोन." मग जरा थांबून, "वेन होता ना समोर? जाऊ दे."

मी फोन ठेवला. ग्लेनिस दारात उभी होती. "काय म्हणाला?"

"मला धीर देत होता," मी म्हटलं. ते ऐकायला इतकं विचित्र वाटलं की मी बाहेर जाऊन बागेला पाणी घातलं. दुष्काळामुळे बागेच्या पाण्याचे वार ठरलेत, आज आपला वार नव्हता. शेजाऱ्यांनी पाहिलं असेल तर दंड होईल.

१४ जानेवारी, बुधवार

लिहावंसं वाटत नाही, पण वही दिलीय ती याचसाठी.

रिवास सकाळी मेलबर्नला निघाला. जाताना ग्लेनिसच्या हातात दरवर्षीसारखा त्याच्या देशातल्या आटवलेल्या गोड दुधाचा डबा ठेवला. मग माझ्याकडे वळला. लाल झाला होता.

"नेव्ह. एक विचारू? जॅरड का गेला?"

"त्याची नोकरी..."

"मी तुम्हाला सांगितलं होतं. रविवारी. इथे." टेबलावर बोट आपटलं.

मी म्हटलं, "तू म्हणालास बाहेर सांगू नका. मी शब्द पाळला."

"पेपराला सांगू नका म्हणालो!" त्याचं तोडकंमोडकं बोलणं आणखी तुटलं. "पेपराला कशाला सांगू मी? बापाला सांगितलं. मी माझ्या कोचला नाही सांगितलं. तुम्हाला आधी सांगितलं, कारण जॅरड पहिला होता. आमच्याकडे बापाला सांगितलं म्हणजे मुलाला सांगितलं. कुठला बाप मुलाला सांगत नाही?"

बाहेर टॅक्सीने हॉर्न वाजवला. त्याने ग्लेनिसला मिठी मारली. मला हात दिला, डावा.

तो गेल्यावर ग्लेनिस खुर्चीवर बसली. डबा मांडीवर तसाच. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला रविवारी माहीत होतं," ती म्हणाली.

"तत्त्वाचा प्रश्न होता, ग्लेन. घरात आलेल्या पाहुण्याचं..."

"वाइल्ड कार्डचं मला कॉननेच सांगितलं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. म्हटलं, नेव्हला आपल्या नावाची काळजी आहे, असू दे. तो भाग माझ्या माथी." ती डब्याचं झाकण उगाच फिरवत होती. "पण त्याने तुला विचारलं ना? थांबू का म्हणून?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मला कोणी कशाला सांगायला हवं? तो तुला विचारल्याशिवाय काही करतो का? एकोणतीस वर्षांचा झाला, अजून चेंडू मारला की आधी त्या शेडकडे बघतो. सगळ्या गावाला माहीत आहे तू त्या फळीमागे असतोस, नेव्ह. फक्त तुला वाटतं कोणी बघत नाही."

मी टेबलावरचे टोस्टचे तुकडे गोळा केले.

"त्याला फोन कर," ती म्हणाली. "उद्या पोचेल. खरं सांग त्याला."

"सांगून काय होणार? झालं ते झालं. उगाच त्याला..."

"त्याच्यासाठी नाही म्हणत मी," ती म्हणाली, आणि डबा फडताळात ठेवायला उठली.

१६ जानेवारी, शुक्रवार

जॅरड काल पोचला. ग्लेनिसशी बोलला. मी अंघोळीला आहे असं सांग, असं मी ग्लेनिसला म्हटलं होतं. तिने सांगितलं नाही. "तुझा बाप इथेच बसलाय आणि बोलत नाहीये," म्हणाली. पलीकडून तो हसला म्हणे. "भाकीत चुकल्याचं लागलंय त्याला. असू दे, मम, एक-दोन दिवसांत ठीक होईल."

हिराता उपांत्य फेरीत आहे. पेपरच्या संपादकाने विचारलं, हिरातावर काही लिहितोस का, 'नशीबवान हरलेला' वगैरे. मी म्हटलं, तब्येत बरी नाही.

१८ जानेवारी, रविवार

स्पर्धा संपली. क्रोएशियन जिंकला. हिराता काल हरला, पण गावाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. कॉनचे लोक आता खुर्च्या गोळा करतायत. सॅम आज उरलेली बागही उपटतोय, ट्रॅक्टरचा आवाज सकाळपासून चालू आहे.

ग्लेनिसने फोन स्वयंपाकघरातून उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला, वायर ओढून, या वहीच्या शेजारी. मग व्हरांड्यात जाऊन त्या तीन रॅकेट सरळ केल्या, तोंडं बाहेर.

मी फोन करायच्या ऐवजी लिहीत बसलोय. आयुष्यभर तेच केलं. तेव्हा लिहितोच एकदा. जे भाकीत छापायला हवं होतं ते.

तळाचा चतकोर. दुसरा मानांकित रिवास मनगटामुळे बाहेर. त्याच्या जागी आपल्या गावचा जॅरड ट्रेझीस. समोर वेन लिंडक्विस्ट: सर्व्हिस अजून बरी, पण डावीकडे दोन पावलंही धावत नाही. ट्रेझीस त्याला बॅकहँडने डावीकडेच बांधून ठेवेल. खांदा दुखतो, पण तासाभराच्या सामन्यात त्याची गरज लागणार नाही. सामना दुपारचा. त्यातला निम्मा वेळ वेन सूर्याच्या टोकाला उभा असेल, आणि तिथे लॉब कसा टाकायचा हे जॅरडइतकं या गावात कोणाला कळत नाही. दुसऱ्या फेरीत बहुधा उन्हाने दमलेला एक इटालियन. तोही जमण्यासारखा. पुढे चतकोरात कोणी नाही.

यातला प्रत्येक शब्द रविवारी संध्याकाळी रिवासने मनगट बर्फात बुडवलं तेव्हाच मला दिसला होता. पातेल्यातल्या बर्फाचा आवाज ऐकता ऐकता बेरीज पुरी झाली होती. व्हरांड्यात तो विचारत होता तेव्हाही उत्तर माझ्याकडे तयार होतं. शब्द पाळला वगैरे मी स्वतःला सांगत आलो. पण शब्द मोडायला मला एवढंच म्हणायचं होतं: थांब. का ते न सांगताही म्हणता आलं असतं.

तो हरेल याची भीती नव्हती. हरला असता तर सवयीचं होतं. तो जिंकला असता. मग डॅमियनला नाही म्हटलं असतं, आणि आणखी एक वर्ष मला त्या फळीमागे उभं राहून आशा करावी लागली असती. ते माझ्याने होणार नव्हतं. म्हणून मी त्याला खाणीत पाठवला, आणि तो मला धीर देतोय.

ग्लेनिस दारातून बघतेय. फोन आपणहून वाजणार नाही, मलाच करायला हवा. आज रविवार, त्याची पाळी पाचला सुटते, आता मोकळा असेल.

माझं भाकीत: ट्रेझीस, सरळ दोन सेटमध्ये.